यीस्ट तयार आहे. गिऱ्हाईक कुठे आहे?

शहापूर आणि मुरबाड ही नावे जैवतंत्रज्ञानाच्या चर्चेत सहसा येत नाहीत. ठाणे जिल्ह्याचा हा सह्याद्रीलगतचा पट्टा ओळखला जातो तो भातसा-तानसाच्या पाण्यामुळे, माहुली आणि सिद्धगडामुळे, माळशेज घाटामुळे आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या पाड्यांमुळे. तरीही जनुक बदललेल्या यीस्टने बनवलेली प्रथिने या तालुक्यांत केव्हाच पोहोचली आहेत. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत कावीळ ‘ब’ची लस टोचतात, तिच्यातले प्रथिन यीस्टच्या पेशीत तयार झालेले असते. मधुमेही माणूस मेडिकलमधून इन्शुलिन आणतो, तेही बऱ्याचदा यीस्टचेच असते. गावाबाहेरच्या पोल्ट्री शेडमधल्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या तयार खाद्यात फायटेज नावाचे विकर मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा यीस्टकडूनच करवून घेतलेले असते. मात्र भाताच्या बांधावर घोणस चावलेल्या बाईला जे औषध मिळते ते आजही घोड्याच्या रक्तातून काढतात, आणि ती मूळ कल्पना १८९०च्या दशकातली आहे. कोंबडीच्या वाट्याला नवे तंत्र आणि लावणी करणाऱ्या बाईच्या वाट्याला सव्वाशे वर्षांपूर्वीचे, असे का व्हावे? सापाचे विष गुंतागुंतीचे असते, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. यीस्टने बनवलेल्या औषधांचा आजवरचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यीस्ट प्रथिन स्वस्त करू शकते. ते पाड्यापर्यंत पोहोचते तेव्हाच, जेव्हा कुणीतरी ते भरपूर प्रमाणात आणि खात्रीने विकत घ्यायला उभा असतो.

आधी यीस्टकडून हे काम करवून कसे घेतात ते पाहू. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पावाचे पीठ फुगते ते यीस्टमुळे, आणि या डोंगरपट्ट्यात मोहाची फुले आंबतात तीही यीस्टमुळेच. फुलांतल्या साखरेवर ते वाढते आणि मद्यार्क मागे ठेवते. जीवाणूसारखेच ते झपाट्याने वाढते आणि त्याला महागडे अन्न लागत नाही. पण त्याच्या पेशीची रचना आपल्या पेशीच्या जवळची आहे: तिच्यात केंद्रक आहे, प्रथिनांच्या घड्या घालणारे आणि ती तपासून पेशीबाहेर पाठवणारे कप्पे आहेत. १९७८ साली कॉर्नेल विद्यापीठात गेराल्ड फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून दिलेला डीएनए यीस्टच्या पेशीत बसवून दाखवला. त्यांनी वापरलेली युक्ती आजही चालते. एखादे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे यीस्ट घ्यायचे आणि हव्या त्या जनुकासोबत ती उणीव भरून काढणारे जनुकही द्यायचे. मग ते अमिनो आम्ल नसलेल्या अन्नावर ठेवले की ज्या पेशींनी नवा डीएनए स्वीकारला त्याच जगतात. १९९६ साली पावाच्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला: १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आणि सुमारे ६ हजार जनुके. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी सर्वांत आधी संपूर्ण वाचला गेलेला संच तो हाच. पेशीत बनलेले प्रथिन बाहेर कोणत्या टप्प्यांनी जाते हे रँडी शेकमन यांनी यीस्टच्याच सदोष वाणांवरून उलगडले आणि २०१३चे नोबेल मिळवले. हे टप्पे कळल्यामुळे परक्या प्रथिनाच्या पुढे यीस्टचा स्वतःचा ‘बाहेर जा’ असा संकेत जोडता येतो. यीस्ट ते प्रथिन भोवतालच्या द्रवात सोडते आणि पेशी न फोडता गोळा करता येते.

जीवाणू यीस्टपेक्षाही स्वस्तात वाढतात, मग यीस्टच का, असा प्रश्न येथे रास्त आहे. त्याचे उत्तर कावीळ ‘ब’च्या लशीने दिले. १९८१ साली अमेरिकेत परवानगी मिळालेली पहिली लस वाहक रुग्णांच्या रक्तातून काढत. विषाणूचे पृष्ठभागावरचे प्रथिन अशा रक्तात सुटे तरंगत असते; ते गाळून, रसायनांनी निर्जंतुक करून लस होई. पद्धत हुशारीची होती, पण लस किती होणार हे किती वाहकांचे रक्त मिळते यावर ठरे. त्यातच एड्सचा काळ सुरू झाला आणि रक्तापासून केलेल्या कोणत्याही औषधाकडे लोक धास्तीने पाहू लागले. हेच प्रथिन जीवाणूंत बनवण्याचे प्रयत्न झाले होते, पण त्यांतून नीट आकार धरलेले कण मिळत नव्हते. १९८२ मध्ये पाब्लो व्हालेन्झुएला, विल्यम रटर, बेंजामिन हॉल आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक पावाच्या यीस्टमध्ये घातले, तेव्हा प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन सुमारे २२ नॅनोमीटरचे गोल कण तयार झाले. रुग्णाच्या रक्तात सापडतात जवळपास तसेच, पण त्यांत विषाणूचा जनुकीय माल अजिबात नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था सुट्या रेणूपेक्षा अशा कणाला कितीतरी जोमाने प्रतिसाद देते. १९८६ साली या कणांच्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. जनुकतंत्राने बनलेली माणसांसाठीची ती पहिली लस. म्हणजे प्रयोगशाळेतल्या यशापासून बाजारापर्यंत अवघी चार वर्षे लागली. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचा प्रवास असा वेगाने झाला नाही.

दरम्यान यीस्टचे दुसरे घराणे पुढे येत होते. मिथेनॉलवर जगू शकणारी यीस्ट असतात हे जपानमध्ये १९६९ साली दाखवले गेले. फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीने १९७०च्या दशकात पिकिया पास्टोरिस या अशा यीस्टपासून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य बनवण्याचा घाट घातला. तेलसंकटाने मिथेनॉल महागले आणि तो बेत फसला, पण टाकीत हे यीस्ट अतिशय दाट कसे वाढवायचे ही विद्या हाती राहिली. या यीस्टमध्ये मिथेनॉल पचवणाऱ्या विकराच्या जनुकापुढे एक नियंत्रक भाग असतो. तो भातसा धरणाच्या दरवाजासारखा आहे: एरवी बंद, पण मिथेनॉल मिळताच पूर्ण उघडणारा. त्या भागामागे हवे ते जनुक जोडायचे, आधी ग्लिसरॉलवर यीस्ट भरपूर वाढू द्यायचे आणि मग मिथेनॉल सोडायचे. पेशी त्या एका प्रथिनाच्या मागे लागतात. हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा हे याच घराण्यातले दुसरे यीस्ट. महाराष्ट्राच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे, कारण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपली कावीळ ‘ब’ची लस आणि वोक्हार्टने औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपले इन्शुलिन यातूनच तयार केले. वोक्हार्टचे ते इन्शुलिन २००३ साली बाजारात आले.

आता मूळ मुद्दा. १९८६ साली परवाना मिळालेली लस भारतात आली ती आयात होऊन, आणि तिचा एक डोस काही शे रुपयांना पडे. तीन डोस घ्यायचे म्हणजे त्या काळच्या शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. वास्तविक या लशीची सर्वाधिक गरज गरिबाच्या बाळाला आहे. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो आणि पुढे यकृत निकामी होण्याचा किंवा यकृताच्या कर्करोगाचा धोका उभा राहतो. भारतात या विषाणूचे सुमारे तीन कोटी वाहक असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९९३ साली वरप्रसाद रेड्डी यांनी हैदराबादेत शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली, पिकिया यीस्टमधून ही लस तयार केली आणि १९९७ साली ती पन्नास रुपयांच्या आसपास बाजारात आणली. मग भारत बायोटेक, वोक्हार्ट, सीरम असे एकामागून एक उत्पादक उतरले आणि भाव आणखी कोसळला. पण स्वस्त होऊनही लस या तालुक्यांतल्या डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाळापर्यंत आपोआप गेली नाही. सरकारी लसीकरणात तिचा प्रायोगिक समावेश २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत झाला, आणि देशभर ती पोहोचायला २०११ उजाडले. त्याच वर्षी तमिळनाडू व केरळपासून पेंटा लस सुरू झाली, जिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब यांच्याबरोबर कावीळ ‘ब’चे हेच यीस्टचे प्रथिन असते. १९८२ ते १९८६ हा काळ शास्त्रज्ञांचा. १९८६ ते २०११ ही पंचवीस वर्षे भाव उतरण्याची आणि सरकारने खरेदीचा निर्णय घेण्याची. उशीर झाला तो या दुसऱ्या टप्प्यात.

एका उदाहरणावरून नियम मांडणे धोक्याचे असते, म्हणून तो आणखी काही ठिकाणी तपासू. फायटेजचे उदाहरण घ्या. मक्यात आणि सोयापेंडीत स्फुरद असते, पण ते फायटेट या रूपात अडकलेले असते आणि कोंबडीला ते सोडवून घेता येत नाही. त्यामुळे खाद्यात महागडे खनिज स्फुरद वरून घालावे लागे आणि न पचलेले विष्ठेतून जमिनीत जाई. फायटेज मिसळले की अडकलेले स्फुरद मोकळे होते आणि खाद्याचा खर्च उतरतो. हे विकर काही उत्पादक बुरशीतून काढतात, तर अनेक जण पिकियासारख्या यीस्टमध्ये जीवाणूचे जनुक घालून बनवतात. त्यासाठी कोणतीही सरकारी योजना लागली नाही, कारण खाद्य कारखानदार हा मोठा आणि कायमचा गिऱ्हाईक आधीच बाजारात होता. इन्शुलिनची गोष्ट मधली आहे. यीस्टमुळे ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडाच्या पुरवठ्यातून सुटले आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीमुळे त्याच्या किमतीला लगामही बसला. पण रोजच्या सुया, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि फ्रीज यांचा भार मोठ्या प्रमाणात घरावरच राहतो; म्हणून औषध आहे तरी उपचार अर्धवट, ही स्थिती संपत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सीरमची सर्व्हाव्हॅक ही लसही हॅन्सेन्युलाचीच. २०२२ साली तिची घोषणा होताना दोनशे ते चारशे रुपयांची भाषा झाली होती. पुढच्या वर्षी खासगी बाजारात ती आली तेव्हा किंमत त्याहून कितीतरी जास्त होती. यीस्ट तेच, टाकी तीच. पण एकगठ्ठा घेणारे सरकार आणि एकेकटे कुटुंब यांना वेगळा भाव लागतो. उलट मलेरियाची आर-२१ ही लस पाहा. तीही पुण्यात हॅन्सेन्युलातून बनते, तिच्यातला मलेरियाचा तुकडा कावीळ ‘ब’च्या त्याच कणावर चढवलेला असतो. आफ्रिकेतल्या गावातली आई ती विकत घेऊ शकत नाही. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस झाल्यावर ती दोन ते चार डॉलरला उपलब्ध झाली, कारण युनिसेफ आणि ‘गावी’ ही जागतिक लस-आघाडी यांची एकत्रित खरेदी मागे होती.

हे सगळे सर्पदंशाला लावून पाहू. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दिला. मृतांत बहुतेक जण खेड्यातले, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. शहापूर-मुरबाडमध्ये हेच महिने भातलावणीचे, बेणणीचे, गवतातून वाट काढण्याचे असतात. कुडाच्या घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते तेही बहुधा याच दिवसांत. उपाय एकच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरचे प्रतिविष. ते बनवण्यासाठी घोड्यांना विषाचे वाढते डोस टोचतात, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढून शुद्ध करतात आणि भुकटी करून कुपीत भरतात. महाराष्ट्राचा यातला वाटा जुना आहे. परळच्या हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ सालची. तिच्यातून १९७५ साली वेगळे झालेले राज्य सरकारचे औषध महामंडळ हे काम करत आले. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे घोडे हाफकिनला जात, आणि त्याच धाग्यातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. त्या संस्थेचा व्याप पुढे घोड्याकडून यीस्टकडे गेला, कारण लशींना जगभर गिऱ्हाईक मिळाले. प्रतिविष मात्र जिथे होते तिथेच राहिले.

घोड्याच्या औषधाने लाखो जीव वाचवले आहेत, तेव्हा त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे आणि आजही सापाचे विष चढलेल्या माणसाला हेच औषध वेळेत मिळाले पाहिजे. पण त्याच्या मर्यादा शहरापेक्षा खेड्यात अधिक जाचतात. कुपीतल्या प्रतिपिंडांपैकी सापाच्या विषावर चालणारी थोडीच; बाकीची घोड्याने आयुष्यभरात इतर जंतूंविरुद्ध बनवलेली. म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि इतके परके प्रथिन शिरेत गेले की काही रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. ती ॲड्रिनलिनने आवरता येते, पण रात्री एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या डॉक्टरला तिची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. त्या धास्तीपोटी रुग्णाला पुढे पाठवण्याकडे कल होतो: मुरबाडकडून उल्हासनगर, शहापूरकडून ठाणे किंवा कळवा. विषबाधेत प्रत्येक तास मोलाचा असताना हा लांबचा प्रवासच घातक ठरतो. दुसरी मर्यादा विषाच्या उगमाची. औषधासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतील साप पकडणाऱ्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवले आहे. सह्याद्रीत आढळणारा चापडा तर या चौघांत मोडतच नाही. ठरलेले प्रथिन, ठरलेल्या प्रमाणात, दर वेळी तेच, ही यीस्टची खासियत नेमकी या दुखण्यांवर लागू पडते.

तांत्रिक आक्षेप येथे सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. कावीळ ‘ब’ला एक प्रथिन पुरले, विष म्हणजे डझनावारी प्रथिनांचे मिश्रण. शिवाय संपूर्ण प्रतिपिंड हा मोठा रेणू. यीस्ट त्याच्यावर स्वतःच्या धाटणीची लांबलचक शर्करासाखळी चढवते, जी माणसाच्या शरीराला परकी वाटते. त्यामुळे बहुतेक प्रतिपिंड-औषधे आजही सस्तन प्राण्यांच्या पेशींत, महागड्या टाक्यांत बनतात. पण ही भिंत आता अभेद्य राहिलेली नाही. पिकियाची शर्करा चढवण्याची यंत्रणा जनुके बदलून माणसासारखी करता येते हे २००६ च्या सुमारास दाखवले गेले. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेले अर्धशिशीवरचे एप्टिनेझुमॅब हे प्रतिपिंड पिकियातच तयार होते. २०२४ साली सुनगर यांच्या गटाने आणि अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेने नागवर्गातील सापांच्या एका प्रमुख विषकुळावर चालणारे मानवी धाटणीचे प्रतिपिंड शोधले. ते शोधताना असंख्य प्रतिपिंडे यीस्टच्या पेशींच्या पृष्ठभागावर लावून, विषाला घट्ट धरणारी निवडण्यात आली. त्या विषकुळाच्या १४९ प्रकारांपैकी ९९ प्रकारांना ते चिकटते. अंतिम प्रतिपिंड मात्र मानवी मुळाच्या पेशींत बनवले, हेही सांगितले पाहिजे. उंटवर्गीय प्राण्यांकडून मिळणारी नॅनोबॉडी नावाची इवली प्रतिपिंडे यीस्टला अधिक सोयीची. अशा आठांचे मिश्रण आफ्रिकेतील नाग-मांबांच्या विषावर उंदरांत चालल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मधला मार्गही आहे: विषातली मोजकी प्रथिने यीस्टमध्ये बनवून तीच घोड्यांना टोचायची, म्हणजे औषधाचा रोख तरी नेमका राहील. यांपैकी कोणताही उपाय उद्या शहापूरच्या रुग्णालयात पोहोचणार नाही. घोणस आणि फुरशाचे रक्त बिघडवणारे विष तर नागाच्या विषापेक्षा अधिक अवघड आहे. पण अवघड असणे आणि अशक्य असणे यांत फरक आहे, आणि तो फरक भरून काढायला पैसा लागतो. पैसा तिथेच जातो जिथे शेवटी माल विकला जाणार असतो.

दुसरा आक्षेप भीतीचा. जनुकात ढवळाढवळ केलेल्या जीवापासूनचे औषध बाळाला किंवा रुग्णाला टोचावे का? भीती समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकतो. बदललेले यीस्ट कारखान्याच्या बंद टाकीत राहते. ते शेतात पेरले जात नाही, वाऱ्यावर उडत नाही. टाकीतून बाहेर येते ते प्रथिन, आणि गाळणी, शुद्धीकरणाचे स्तंभ, तपासण्या यांतून गेल्यावर कुपीत जिवंत यीस्ट उरत नाही. पुराव्याचा कालखंडही लहान नाही. १९८६ पासून जगभर कोट्यवधी बाळांना हे यीस्टचे प्रथिन मिळाले आहे. यीस्टची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ते देत नाहीत. पण असे लोक विरळा. त्याबदल्यात पाच वर्षांखालील मुलांतले कावीळ ‘ब’चे प्रमाण लशीपूर्वीच्या सुमारे पाच टक्क्यांवरून २०१९ पर्यंत एका टक्क्याखाली आले. तुलना करायचीच तर यीस्टचे प्रथिन आणि ‘नैसर्गिक’ औषध यांची करावी: वाहकांच्या रक्तातून काढलेली लस आणि घोड्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष ही दोन्ही नैसर्गिकच आहेत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि या तालुक्यांतून तो सर्वांत आधी येईल. पाड्याला रस्ता नाही, रुग्णवाहिका वेळेत येत नाही, मण्यारीच्या दंशाला लागणारा व्हेंटिलेटर तालुक्याला मिळेलच असे नाही. मग पैसा यीस्टच्या टाक्यांत कशाला घालायचा? रस्ता, रुग्णवाहिका, प्रशिक्षित डॉक्टर आणि बूट-विजेरीसारखी साधी साधने यांनी आज वाचणारे जीव कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहत नाहीत; त्यांचा क्रम पहिलाच. मात्र चांगले औषध हा या यादीतला वेगळा विषय नसून तिच्यातलाच भाग आहे. ज्या औषधाची ॲलर्जी क्वचित आणि मात्रा छोटी, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातच निर्धास्तपणे देता येते. मग रस्त्याचे अंतर आपोआप कमी घातक होते. औषधाचे रूपही इथे महत्त्वाचे. यीस्टची कावीळ ‘ब’ची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते, म्हणून उपकेंद्रापर्यंत शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या आणि ती उचलणाऱ्या नर्सताई लागतात. प्रतिविष आज भुकटीच्या रूपात तुलनेने टिकाऊ आहे. नव्या औषधाने हा गुण गमावला, तर प्रयोगशाळेत ते कितीही सरस ठरो, पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावाला ते निरुपयोगी. ही अट उत्पादकाला आधीच सांगायला हवी. आणि ती सांगू शकतो तो फक्त खरेदीदार.

उरला तो पैशाचा आक्षेप: सरकारने आगाऊ खरेदीचा शब्द दिला तर तो खासगी कंपनीला नजराणा ठरणार नाही का? ठरू शकतो, जर शब्द एकाच कंपनीला दिला तर. पण आगाऊ खरेदीची कबुली ही अनुदानापेक्षा वेगळी. अनुदान औषध होण्याआधी जाते. कबुलीतले पैसे औषध ठरलेल्या कसोट्यांना उतरून हाती आल्यावरच जातात. आले नाही तर तिजोरीतून काही जात नाही. याचा नमुना अस्तित्वात आहे. न्यूमोकॉकल लशीसाठी ‘गावी’ने २००९ साली दीड अब्ज डॉलरच्या अशा कबुलीचा प्रयोग सुरू केला आणि पुढे पुण्याच्याच सीरमची स्वस्त लस तिच्यात सामील झाली. कावीळ ‘ब’चा भाव पाडला तोही एका उत्पादकाच्या औदार्याने नव्हे, चार-पाच उत्पादकांच्या चढाओढीने. तेव्हा अट अशी असावी की कोणीही भाग घ्यावा, एकाहून अधिक पुरवठादार असावेत आणि हाफकिनसारख्या सार्वजनिक उत्पादकालाही जागा असावी. महाराष्ट्राने वैद्यकीय खरेदीसाठी २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण केले आहे. ते औषधांच्या निविदा काढते. सह्याद्रीतल्या सापांवर चालणाऱ्या, कमी ॲलर्जीच्या, फ्रीजविना टिकणाऱ्या प्रतिविषाच्या दरवर्षी इतक्या मात्रा घेऊ, असे जाहीर करण्याचे कामही त्याला किंवा केंद्राला करता येईल.

इतक्या मात्रा म्हणजे किती, हे सांगायला मोजणी लागते, आणि तिथे शहापूर-मुरबाडची भूमिका मागणाऱ्याची न राहता पुरावा देणाऱ्याची होते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार करावा असे राज्यांना सांगितले. कसारा, किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे यांसारख्या गावांतली प्रत्येक नोंद ही मागणीच्या पत्रावरची एक ओळ आहे: कोणता साप, किती कुप्या लागल्या, ॲलर्जी आली का, रुग्ण कुठे पाठवला, वाचला का. कोंबड्यांच्या खाद्याची मागणी कारखान्याच्या वहीत दर महिन्याला उतरत असते म्हणून फायटेज बनते. सर्पदंशाची मागणी आजवर कुठल्याच वहीत पूर्ण उतरलेली नाही. कावीळ ‘ब’च्या वेळी परवाना मिळालेल्या लशीला देशभरच्या बाळांपर्यंत यायला पंचवीस वर्षे लागली आणि त्यांतली बहुतेक वर्षे यीस्टमुळे वाया गेली नव्हती. प्रतिविषाचे शास्त्र अजून अर्ध्या वाटेत असताना खरेदीचा शब्द आणि पक्की मोजणी आजच सुरू झाली, तर औषध तयार होईल त्या दिवशी त्याच्या पुढे आणखी पंचवीस वर्षांची रांग उभी नसेल.